कार्ड देताना किंमत मागा

चंद्रपुरात मे महिन्यात सकाळी अकरानंतर कोणी मुलांना उन्हात सोडत नाही. कूलरमध्ये पाणी भरायचे, खिडक्यांना ओले पडदे लावायचे आणि जुहरची नमाज झाली की चटईवर ‘व्यापार’चा डाव मांडायचा, हा आमच्या घरचा सुट्टीतला नेम. वडशाहून आपाची लेक येते; ती आठवीत आहे. आमचे दोन मुलगे, एक दहावीत आणि एक पाचवीत. चौथे आम्ही. शाळेत उर्दू-मराठी शिकवतो, तरी घरात बँक आमच्याकडेच असते.

नर्दशीरची हदीस आहे म्हणून अम्मी घरात फासे येऊ देत नाही. आम्ही दोन डबे केले आहेत. प्रत्येकात 1 ते 6 आकड्यांच्या चिठ्ठ्या. दोन्हींतून एकेक काढायची, बेरीज करायची, चिठ्ठी परत टाकायची. हिशेब तोच राहतो. गहाण सोडवताना जे व्याज द्यावे लागते, तेही आमच्या खेळात नाही. घेतले तेवढेच परत.

मुलांना वाटते, या खेळात सगळे नशीब. तसे नाही. दोन आकड्यांच्या 36 जोड्या होतात. त्यांत बेरीज 7 येण्याच्या सहा, 6 आणि 8 येण्याच्या पाच-पाच, आणि 2 किंवा 12 येण्याची फक्त एकेक. म्हणून ज्या बोर्डावर ‘तुरुंगात जा’ असते, तिथे तुरुंगापासून पुढे सहा ते नऊ घरे मोजावीत. तुरुंगातून सुटलेला गडी बहुतेक तिथेच येऊन पडतो. मूळ अमेरिकन मोनोपॉलीत ही जागा नारिंगी रंगाची आहे, आणि जाणते खेळाडू तिच्यावरच डोळा ठेवतात.

दुसरी गोष्ट, सुरुवातीला नोटा जपून ठेवू नयेत. आमचा धाकटा नोटा मोजत बसतो आणि शेवटी सगळ्या भाड्यात घालवतो. पहिल्या दोन फेऱ्यांत मिळेल ती जागा घ्यावी. मोठे भाडे भरता येईल एवढी रोकड मात्र हाताशी असावी.

तिसरी गोष्ट घरांची. मोनोपॉलीतल्या एका नारिंगी जागेचे भाडे रिकामी असताना 14 असते. एक घर बांधले की 70, दोन बांधली की 200, तीन बांधली की 550. चौथ्याला 750 आणि हॉटेलला 950. सर्वांत मोठी उडी तिसऱ्या घराला आहे. म्हणून एका जागेवर हॉटेल उभारण्याची घाई करण्यापेक्षा त्या रंगाच्या सगळ्या जागांवर तीन-तीन घरे करावीत.

पण घरे बांधायला रंग पूर्ण लागतो, आणि तो क्वचितच आपोआप पूर्ण होतो. कोणाकडून तरी कार्ड घ्यावे लागते. डाव खरा तिथे जिंकला किंवा हरला जातो. सौदा करताना आपल्याला काय मिळाले एवढेच पाहू नये. समोरच्याचा रंग पूर्ण होतो का तेही पाहावे. होत असेल, तर त्या कार्डाची किंमत छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

चौथ्या दिवशी थोरल्याकडे एका रंगाची दोन कार्डे होती, तिसरे भाचीकडे. तो म्हणाला, “दे ना, बहन है ना मेरी.” तिने कार्ड उचलून दिले. बदल्यात काहीच घेतले नाही. चार फेऱ्यांनी ती त्याच्याच घरांवर पडली आणि तिचा डाव संपला. “जाने दो मामू, भैया तो जीता,” असे म्हणून ती पाणी आणायला उठली. आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मुलांना या खेळाची गोष्ट सांगितली. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने ‘लँडलॉर्ड्स गेम’ तयार करून 1904 मध्ये त्याचे पेटंट घेतले. जमीनमालक भाड्यावर कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे तिला दाखवायचे होते. पुढे तोच खेळ चार्ल्स डॅरो या माणसाने आपला म्हणून पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला. 1935 मध्ये कंपनीने मॅगीचे पेटंट 500 डॉलरला घेतले. विक्रीतला हिस्सा डॅरोला मिळाला, तो श्रीमंत झाला. मॅगीला पुढे काही नाही.

भाचीने विचारले, “मामू, उसने इतने में क्यूं दे दिया?”

आम्हाला उत्तर देता आले नाही.

अब्बांच्या इंतकालानंतर घर आणि थोडी जागा आम्हा दोघा भावांच्या नावावर करायची होती. हक्कसोडपत्र तयार होते. आपा सकाळच्या एसटीने वडशाहून आली, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही केली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. कागद तिला कोणी वाचून दाखवला नाही. तिच्यापुढे तो सरकवला आम्हीच. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, हे आम्हा भावांना चांगले ठाऊक होते. ‘लग्नात दिलेच होते’ असे आम्ही एकमेकांना सांगितले. तिने मागितले नाही, ती तिची खुशी समजलो. मागितले असते तर ईदला माहेरी कोणत्या तोंडाने यायचे, हा विचार तिने केला असेल. आम्ही केला नाही.

आता आमच्या खेळात एक नियम वाढला आहे. कार्ड फुकट द्यायचे नाही. किंमत आधी कागदावर लिहायची आणि सौद्यात नसलेल्याने ती मोठ्याने वाचायची. परवा भाचीने एका कार्डासाठी थोरल्याकडून दोन कार्डे आणि रोकड घेतली. तो कुरकुरला, पण दिली. त्या दिवशी तीच जिंकली.

महिनाअखेर आपा तिला न्यायला येईल. तेव्हा घराचे कागद तिच्यापुढे ठेवून हिशेब करायचा, असे आम्ही ठरवले आहे. भावाला सांगितले, तो अजून गप्प आहे.

तुमच्या घरी डाव मांडलात, तर मुलींच्या हातातली कार्डे कुठे जातात तेवढे पाहा.