ताई, एक टेस्ट करशील?

अप्रेझलच्या मीटिंगमध्ये घाम फुटणं नॉर्मल आहे. पण रविवारी सकाळी पोहे खाताना? छाती धडधडायची, डोकं ठणकायचं, टी-शर्ट चिंब. वीस मिनिटांत सगळं शांत. ऑफिसात सगळ्यांचं एकच निदान, ‘‘टेन्शन फार घेतोस यार!’’ मलाही ते पटलं होतं. एकदा अशा झटक्यातच डॉक्टरांनी बीपी मोजलं. २१०/१२०. वय ३१.

मग रक्तातली मेटानेफ्रिन्स तपासली, सीटी स्कॅन झाला. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी अॅड्रिनल ग्रंथी असते. माझ्या उजव्या टोपीत लिंबाएवढी गाठ निघाली. फिओक्रोमोसायटोमा! अॅड्रिनॅलिनच्या जातीची हॉर्मोन्स ती मनाला येईल तेव्हा रक्तात सोडते. आधी बीपी काबूत आणणाऱ्या गोळ्या, मग ऑपरेशन. सुटलो, असं वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, ‘‘आता जेनेटिक टेस्ट करू.’’ गाठ गेली, आता कशाला? तर, पूर्वी पुस्तकांत अशा दहातली एक गाठ आनुवंशिक म्हणायचे. आता कळलंय की निदान तीनातली एक. म्हणूनच अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०१४ मध्ये सांगितलं, की या टेस्टचा विचार प्रत्येक पेशंटसोबत व्हावा. रक्ताच्या एका नळीत आरईटी, व्हीएचएल, एसडीएचबी असे बरेच जीन्स एकदम तपासतात.

माझ्या एसडीएचबीत बिघाड निघाला. म्हणजे गाठ पुन्हा किंवा दुसरीकडे होऊ शकते, त्यामुळे दरवर्षी तपासणी. ते चालेल. पण हा बिघाड आई किंवा बाबांकडून आला असेल, तर ताईकडे असण्याची शक्यता निम्मी. बाबा ४२व्या वर्षी झोपेतच गेले. सगळे हार्ट अटॅक म्हणाले. आईला मात्र त्यांचे घामाने भिजलेले सदरे आठवतात.

ताईला फोन करायला मला तीन आठवडे लागले. तिची लेक सहा वर्षांची आहे.

‘‘मला काही होत नाही रे,’’ ताई म्हणाली.

‘‘बिघाड असला तरी गाठ होतेच असं नाही. पण झाली तर लवकर सापडेल.’’

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, ‘‘उपाशीपोटी जायचं का?’’

‘‘नाही गं, पोहे खाऊन जा.’’

काल तिने रक्त दिलं. रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागतील. तोवर तुम्हाला एवढंच सांगतो : बीपी तरुणपणीच उसळत असेल, सोबत घाम, धडधड, डोकेदुखी असेल, तर सगळं बॉसच्या नावावर खपवू नका. डॉक्टरांना मेटानेफ्रिन्सबद्दल विचारा. आणि रिपोर्ट आला की भावंडांनाही दाखवा.