डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरेच का?

आमच्या देऊळघाटातही लोक म्हणतात, "डोळ्यांनी पाहिलंय ना, मग आणखी काय पुरावा हवा?" आम्हाला हे मान्य नाही.

२००३ साली नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. खून, बलात्कार झाले. वाचलेल्या आईने दोन दिवसांत पोलिसांच्या फोटोंतून चार जण ओळखले. त्यांचा तपासच झाला नाही. आरोपी झाले भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर, तेही साक्षीदारांच्याच ओळखीवर! २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने निर्दोष सोडले. सोळा वर्षांची भरपाई माणशी पाच लाख.

ती आई खोटारडी नव्हती. आठवण म्हणजे कॅमेरा नव्हे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस यांनी अपघाताची फिल्म दाखवून प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले. "गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा" असे विचारलेल्यांना वेग जास्त आठवला. आठवड्याने काहींना न फुटलेली काचही आठवली.

पण अत्याचाराच्या खटल्यात हेच शस्त्र आपल्यावर उलटवतात. शर्टाचा रंग चुकला, साक्ष खोटी! अनोळखी चेहरा ओळखणे वेगळे. रोज ज्याच्या शेतावर राबतो त्याला ओळखणे वेगळे.

आपणही चुकतो. घटनेच्या रात्री दहा कार्यकर्ते पीडिताभोवती बसून विचारतो, "अमुक होता ना?" हे बंद करा. एकानेच ऐकावे, त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहावे. दंडाधिकाऱ्यासमोर जबाब लवकर मागा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ(१०) प्रमाणे कार्यवाहीचे चित्रीकरण मागा, तेही लेखी.