घोडा पुन्हा विकला जाऊ नये

आषाढी एकादशी आली, लग्नाच्या तिथी सरल्या, की कुपवाड एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटांवर घोडी दिसायला लागतात. काहींच्या तोंडाला मोरकी असते. त्यांचा मालक संध्याकाळी येतो आणि घेऊन जातो. काहींची मोरकीही काढून घेतलेली असते. मोरकी काढलेलं जनावर म्हणजे सोडून दिलेलं जनावर, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

मग कुणीतरी फोटो काढतं, कुणीतरी फोन लावतं, गाडी येते आणि घोडी जाते. माणसं चांगली आहेत म्हणून एवढं तरी होतं. पण मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. घोड्याचे हाल चाबकापासून सुरू होतात असं आपण धरून चालतो. मी जे पाहत आले त्यावरून सांगते, ते सौद्यापासून सुरू होतात. वाचवलेला घोडा पुन्हा बाजारात जाणारच नाही, अशी व्यवस्था केल्याशिवाय आपली धावपळ वाया जाणार.

मी कुपवाडला कडबा, भुसा आणि चंदी विकते. आमचे आण्णा मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. रेल्वेतून उतरलेली माणसं मिशन हॉस्पिटलला जायची नाहीतर मीरासाहेबांच्या दर्ग्याला. कर्नाटकातून आलेले आजारी लोक आण्णांचाच टांगा धरायचे, कारण आण्णा कानडी बोलायचे आणि खड्डा आला की घोडी चालीवर घ्यायचे. पुढं सहा आसनी आल्या, रिक्षा वाढल्या आणि टांगे उठले.

टांगे उठल्यावर घोड्यांचं काय झालं, ते मी समोर पाहिलं. तरणी, उजळ घोडी वरातीला गेली. जरा उतरलेली पोती ओढायच्या छकड्याला गेली. त्याहून उतरलेली वीटभट्टीवर गेली. शर्यतीच्या घोड्याची वाटही हीच, तो फक्त वरच्या पायरीवरून निघतो. अकलूजच्या बाजारात तोऱ्यात उभा असलेला घोडा पाय दुखावला की भराभर हात बदलतो, आणि प्रत्येक सौद्यात नवा मालक आधीच्यापेक्षा गरीब असतो. गरीब माणूस निर्दय असतो असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला घोडा स्वस्तात मिळतो, पण चंदी स्वस्तात मिळत नाही. तिथंच घोड्याचं पोट खपाटीला जायला लागतं.

ही गोष्ट आपल्याच मुलखातली नाही. इंग्लंडमध्ये ॲना स्यूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी 1877 साली आली. त्यात घोडा स्वतःची कथा सांगतो, आणि ती कथा एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जाण्याची आहे. त्या पुस्तकाला दीडशे वर्षं होत आली. लंडनच्या भाड्याच्या गाड्या गेल्या, मिरजेचे टांगे गेले, पण जनावराची ती उतरण अजून तशीच आहे.

घोड्याचं काम तर संपतच चाललंय. 2019 च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून 3.4 लाख भरली. 2012 पेक्षा 45.6 टक्के कमी. मुंबईच्या व्हिक्टोरिया बेकायदा असल्याचं उच्च न्यायालयानं 2015 साली सांगितलं, त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली आणि त्यावर पोट असणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा विचार करायला सरकारला सांगितलं. ते योग्यच होतं. पण घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. कामावरून उतरल्यावर त्याची जी दहा-बारा वर्षं उरतात, ती कुठं काढायची याची सोय आपल्या गावांनी केलेली नाही. गोशाळा गायींनी भरलेल्या असतात. पांजरपोळात विचारलं तर घोड्याला जागा नाही असं उत्तर मिळतं.

कायद्याचं काय? जनावरांच्या छळाविरुद्धचा आपला मुख्य कायदा 1960 चा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि तो आजही तेवढाच आहे. पन्नास रुपयांत घोड्याचा एक दिवस निघत नाही, हे मी दुकानदार म्हणून सांगते. त्याच कायद्याखाली 1965 साली ओझ्याच्या जनावरांचे नियम झाले. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, आणि काटेरी लगाम तर वापरायचाच नाही. सांगलीच्या एप्रिलमध्ये पारा 37 वर गेला नाही असा दिवस शोधावा लागतो. तरी भर बाराच्या मुहूर्ताला डांबरावर घोडी नाचतेच.

त्याहून जुना कायदा 1871 चा, कोंडवाड्याचा. त्याच्या व्याख्येत घोडी, शिंगरं, तट्टं, खेचरं सगळी येतात. कोंडलेल्या जनावरावर सात दिवसांत कुणी हक्क सांगितला नाही तर नोटीस लावायची, आणखी सात दिवस वाट पाहायची आणि मग जाहीर लिलाव करायचा. म्हणजे ज्या सौद्यानं घोडीची ही गत केली, तोच सौदा सरकारी हातोड्याखाली पुन्हा. लिलावात म्हाताऱ्या, लंगड्या घोडीवर बोली कोण लावणार? तिच्यातून शेवटचे चार महिने काम काढून घेणाराच.

चांगल्या तरतुदीही आहेत. 1960 च्या कायद्याचं 35 वं कलम दंडाधिकाऱ्यांना जनावर उपचारासाठी ठेवून घ्यायचा अधिकार देतं, आणि बरं झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय ते सोडता येत नाही. खटला चालू असताना जनावराच्या पोषणाचा खर्च मालकावर टाकायचा, असे 2017 चे नियम आहेत. पण ठेवून घ्यायचं कुठं? कायद्यात दवाखाना लिहिलेला आहे, जमिनीवर तो उभा नाही.

एका घोडीचं सांगते. आमच्या दुकानामागच्या प्लॉटावर कुणीतरी पांढरी घोडी सोडून गेलं. वरातीची असणार, आयाळीला मेंदीचा रंग होता. दोन्ही गुडघे फुटून बरे झालेले, तोंडाचे कोपरे काटेरी लगामानं कडक झालेले, फासळ्या लांबूनही मोजता याव्यात अशा. आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार तिला बघून हळहळले. कुणी चपात्या आणल्या, कुणी गूळ, कुणी मंगल कार्यालयातला उरलेला भात बादलीभर. मी सगळ्यांना थांबवलं. एक पोरगा रागावून म्हणाला, “मावशी, उपाशी हाय की ती, आन् तुम्ही खाऊ घालू दीना?”

त्याचा राग खरा होता, आणि माझं थांबवणंही गरजेचं होतं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम धान्य, गूळ, भात दिला तर रक्तातले क्षार ढासळतात आणि हृदय बंद पडू शकतं. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं बाधलं की पोटशूळ उठतो आणि तो जीव घेतो. अशा घोड्याला पाणी द्यायचं आणि चांगली लसूणघास दर चार-सहा तासांनी थोडी थोडी द्यायची. पहिला आठवडा जपून काढायचा. चंदी पुढं, डॉक्टर सांगतील तेव्हा. दया करायलाही माहिती लागते, आणि ती सांगणारं कुणीतरी गावात असावं लागतं.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिला धनुर्वाताची लस दिली, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. दातांच्या कडा धारदार होऊन गालाला जखमा झाल्या होत्या, त्या कडा कानशीनं घासल्या. रक्ताचा नमुना ग्लँडर्सच्या तपासणीसाठी घेतला. हा रोग 2006 साली आपल्या राज्यात पुन्हा डोकं वर काढून गेला. तो माणसालाही होतो, आणि घोड्यात सापडला तर त्या घोड्याला मारावं लागतं. म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत तिला दुसऱ्या जनावरांत मिसळू दिलं नाही. निकाल चांगला आला.

मग खुरांची पाळी. खूर महिन्याला सेंटिमीटरभरसुद्धा धड वाढत नाही. वेडावाकडा वाढलेला खूर पूर्ण नवा व्हायला वर्ष लागतं. दर दीड महिन्याला नालबंद लागतो, आणि आमच्या पट्ट्यात आता नालबंद शोधावे लागतात. अंग भरायला कित्येक महिने गेले. सगळ्यात उशिरा गेली ती भीती. हात वर केला की ती मान फिरवायची. रोज त्याच वेळी तोच माणूस खरारा करायला जायचा, तेव्हा कुठं ती निवली.

आता ती मिरज पूर्व भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराकडं आहे. त्यांच्याकडं आधीच एक म्हातारं तट्टू होतं, आणि घोड्याला सोबत लागतेच. पण घोडी देताना आम्ही कागद केला. घोडी सांभाळायला दिली आहे, मालकी दिलेली नाही. विकायची नाही, वरातीला-शर्यतीला द्यायची नाही, भरवायची नाही. आम्ही कधीही येऊन बघू. जमेनासं झालं तर आमच्याकडंच परत आणायची.

इंग्लंडमधली वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर ही संस्था असंच करते. ॲडा कोल या बाईंनी ती 1927 साली सुरू केली, कारण काम संपलेले घोडे कत्तलीसाठी परदेशी पाठवले जायचे आणि त्यांचे हाल त्यांनी पाहिले होते. वाचवलेला घोडा ही संस्था घरोघर सांभाळायला देते, मालकी स्वतःकडं ठेवते आणि पाहणीला माणूस पाठवते. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. आपल्याकडं शेळी वाट्यानं देतात. सांभाळणारा ती वाढवतो, करडांत वाटणी होते, पण मूळ शेळी विकायचा हक्क त्याला नसतो. गावातल्या अडाणी माणसालाही हा व्यवहार कळतो. घोड्याच्या बाबतीत वाटणी नाही, नुसता सांभाळ आहे, एवढाच फरक.

काही जण विचारतात, माणसांचे प्रश्न संपलेत का, की घोड्यांसाठी जागा मागता? मिरज-पंढरपूर रस्त्यावर रात्री मोकाट घोडा दुचाकीच्या आडवा येतो, तेव्हा मरतो तो माणूसही असतो. ग्लँडर्सची तपासणी झाली नाही तर धोका मोतद्दाराला आणि त्याच्या लेकराबाळांना असतो. आणि समजा यातलं काहीच नसतं, तरी ज्या जनावरानं आमच्यासारख्यांची घरं चालवली त्याचं म्हातारपण हा आपला प्रश्न आहे, असं मी म्हणेन.

दुसरे म्हणतात, मालकांवर गुन्हे घाला. जिथं छळ आहे तिथं घालाच. पण नुसत्या धाकानं माणूस घोडी रात्रीत दुसऱ्या तालुक्यात सोडून येतो. टांगा बंद झाल्यावर आण्णांकडं वीटभट्टीवाले दोनदा आले होते. आण्णांनी घोडी विकली नाही, शेवटपर्यंत दारात ठेवली. त्यासाठी आईनं घरखर्चात किती काटकसर केली ते मी जाणते. प्रत्येक घराकडून ही अपेक्षा ठेवता येणार नाही. म्हणून मालकाला घोडी आणून सोपवता येईल असं एक दार हवं, जिथं तिचा छळ झालेला नसेल तर त्याला कुणी चौकीत बसवणार नाही.

सांगली जिल्ह्याचं एक चांगलं आहे. ‘ॲनिमल राहत’ ही संस्था 2003 पासून इथं काम करते. साखर कारखान्यांवरचे बैल, भट्ट्यांवरची गाढवं आणि तट्टं यांच्यावर ती उपचार करते, आणि भट्टीवाल्यांना ट्रॅक्टरकडं वळवून जनावरं कामातून सोडवते. म्हणजे अनुभव इथंच आहे, डॉक्टर आहेत, मोठ्या मनाचे शेतकरी आहेत. पण सगळा भार एका संस्थेवर टाकून महापालिका आणि जिल्हा प्रशासनानं मोकळं होऊ नये. प्राण्यांच्या छळ प्रतिबंधासाठी प्रत्येक जिल्ह्यात सोसायटी हवी आणि तिच्या दवाखान्याला, निवाऱ्याला राज्य सरकारनं पुरेशी जागा द्यावी, असा 2001 चा केंद्राचा नियम आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महापालिका 1998 साली झाली. तिच्याकडं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं माझं मागणं साधं आहे. कुपवाडच्या बाजूला दोन-तीन एकर जागा घोडा, तट्टू आणि गाढवासाठी राखा. पाणी, छप्पर, आजारी जनावराला वेगळं ठेवायची खोली आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी नालबंद, एवढ्यावर सुरुवात होते. एमआयडीसीतल्या कारखान्यांनी त्यांच्या सामाजिक निधीतून चाऱ्याचा खर्च उचलावा. घोडी त्यांच्याच भिंतींच्या कडेला उभी असतात. वरातीच्या प्रत्येक घोड्याची नोंद करा आणि त्याच्या मानेत चिप बसवा, जशी शर्यतीच्या जातिवंत घोड्यांना बसवतात, म्हणजे सोडून देणारा सापडेल. नोंद नसलेला घोडा मंगल कार्यालयांनी दारात घेऊ नये. आणि कोंडवाड्यातल्या घोड्यांचा लिलाव आजपासून थांबवा; ती संस्थांच्या ताब्यात द्या.

लग्नघरांनाही माझं सांगणं आहे. घोडी ठरवताना तिचा लगाम हातात घेऊन बघा, गुडघे बघा, आणि दुपारची वरात संध्याकाळवर ढकला. घोडीवाल्याला चार पैसे जास्त द्या, पण ते घोडीच्या पोटात जातात का ते विचारा.

ज्यांच्याकडं मोकळं रान आहे, विहिरीला पाणी आहे आणि घरात रोज जनावराकडं बघणारं माणूस आहे, त्यांनी एक म्हातारी घोडी सांभाळायला घ्यावी. कागद करून घ्या आणि त्यावर पहिलंच कलम लिहा, की हे जनावर यापुढं विकता येणार नाही.