जलसंजीवनी चिठ्ठीवर का नाही?

लहान मुलाला जुलाब सुरू झाले की सुशिक्षित घरातही पहिला शोध असतो तो जुलाब तात्काळ थांबवणाऱ्या औषधाचा. दवाखान्यात इंजेक्शन मिळते, प्रतिजैविकाची बाटली मिळते, प्रसंगी गरज नसता सलाईनही लागते. ज्या उपचाराविषयी वैद्यकशास्त्रात दुमत उरलेले नाही, ती जलसंजीवनी मात्र पुष्कळदा चिठ्ठीवर नसते. दुकानात माल नसेल, स्वस्त पाकिटात कोणाला काही सुटत नसेल, असे तर्क आजवर केले जात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील एका अभ्यासाने हे तर्कच कसाला लावले. कर्नाटक व बिहारमधील २५३ शहरांतील दोन हजारांहून अधिक खाजगी व्यावसायिकांकडे प्रशिक्षित व्यक्ती पालक म्हणून पाठवण्यात आल्या. काहींनी जलसंजीवनीची इच्छा बोलून दाखवली, काहींनी प्रतिजैविकाची, तर काहींनी निर्णय डॉक्टरांवर सोपवला. साठ्याचा अभाव आणि आर्थिक लाभ ही कारणे किरकोळ ठरली; त्यांचा वाटा अनुक्रमे ६ व ५ टक्के. रुग्णाला जलसंजीवनी नकोच असते, या डॉक्टरांच्या समजुतीचा वाटा मात्र तब्बल ४२ टक्के निघाला! पालकाने नुसती इच्छा व्यक्त करताच शंभरांतील आणखी २७ जणांनी ती लिहून दिली. म्हणजे उपचार ठाऊक होता. तो लिहिण्याचे धैर्य नव्हते.

ज्या भूमीत हा उपचार सिद्ध झाला, तेथेच त्याची ही अवस्था व्हावी, हे विशेष खेदजनक आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले. सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातलगांच्याच हाती पेले दिले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते आणि पटकीतही ही क्रिया शाबूत राहते, हे प्रयोगशाळेत आधी दिसले होते. बनगावने ते चिखलात, गर्दीत, अप्रशिक्षित हातांनी करून दाखवले. तज्ज्ञांना ते पटायला वेळ लागला. देशाने महालनबीस यांना पद्मविभूषण दिले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

यशस्वी ठरलेल्या त्या मिश्रणालाही शास्त्राने पुढे प्रश्न विचारलेच. मीठ व ग्लुकोजचे प्रमाण कमी केल्यास उलट्या आणि सलाईनची गरज घटते, असे चाचण्यांत दिसताच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये आपले सूत्र बदलले. दिल्लीतील बालकांवरील १९९५ च्या अभ्यासासारख्या संशोधनातून झिंकची जोड मिळाली. पुरावाधिष्ठित वैद्यक म्हणतात ते हेच. त्यात डॉक्टरांच्या अनुभवाचा अवमान नाही. मूल निपचित पडले असेल तर सलाईनच हवे, शौचात रक्त असेल तर प्रतिजैविकाचा विचार करावाच लागतो. हा विवेक कोणतेही पुस्तक करून देत नाही. परंतु 'पालकांना आवडणार नाही' हा काही अनुभव नव्हे. तो अंदाज आहे, आणि न विचारता केलेला अंदाज आहे. रुग्णाची इच्छा जाणणे हे वैद्यकाचे अंगच आहे. मग ती विचारण्यास अडचण कोणती?

कुटुंबांचीही येथे बाजू आहेच. सलाईन लावले म्हणजे खरा इलाज झाला, ही समजूत समाजाने जोपासली आणि दवाखान्यांनी ती मोडली नाही. भर म्हणून 'ओआरएस' हे नाव मिरवणारी गोड पेये बाजारात आली. अधिक साखरेने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली, हे योग्यच झाले.

जी गोष्ट पाकिटाची, तीच झिंकची. जुलाब थांबले तरी ते एकूण १० ते १४ दिवस द्यायचे असते. हे सांगितलेच नाही, तर तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागताच आई ते बंद करणार. चिठ्ठीवर मराठीत तेवढी एक ओळ लिहायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागतो.