मथळा झाकणारी पट्टी

संकेतस्थळावरच्या अनुक्रमणिकेतल्या ‘पात्रता’ या दुव्यावर बोट टेकवले की पान तिथवर सरकते, पण मथळा दिसत नाही. वर कायम चिकटलेल्या पट्टीखाली तो गेलेला असतो. ब्राउझर मथळा थेट खिडकीच्या वरच्या कडेला नेतो. पट्टीची उंची धरत नाही.

उपाय सीएसएसच्या, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या, एका ओळीत आहे. पट्टी ८० पिक्सेलची असेल, तर ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ला त्याहून थोडी जास्त किंमत द्यावी.

माऊसऐवजी कीबोर्ड वापरणाऱ्यांची अडचण मोठी: निवडलेला दुवाच पट्टीखाली दडतो. म्हणूनच ऑक्टोबर २०२३ मधल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यता मानकात, असा घटक पूर्ण झाकला जाऊ नये, हा निकष आला. सरकारी संकेतस्थळांच्या निविदांत तो लिहावा आणि मोबाइलवर तपासल्याशिवाय काम स्वीकारू नये.