पांढराशुभ्र भात आणि पेशीतली गिरणी

तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, एवढे वाक्य पाठ करून आपण विज्ञानात पास झालो. भंडारा जिल्ह्यात, जिथे भाताशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही, तिथे तेवढ्यावर थांबणे परवडणारे नाही. या केंद्राचे काम समजले की गिरणीतून तांदूळ किती पांढरा करून आणायचा, हा प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही.

तंतुकणिकेला दोन पटले असतात. बाहेरचे साधे, आतल्याला मात्र घड्याच घड्या. त्यामुळे इवल्याशा जागेत भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि ऊर्जा बनवणारी यंत्रणा त्यावरच बसलेली असते. अन्नातून आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बळावर ती हायड्रोजनचे धनभारित कण आतून बाहेर ढकलते. गोसेखुर्दच्या भिंतीमागे वैनगंगा अडावी, तसे हे कण दोन पटलांच्या फटीत साठतात. परतताना ते एक सूक्ष्म चाक फिरवतात आणि एटीपी तयार होते. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडले तेव्हा अनेकांना पटले नव्हते. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. रोवणीला दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईचे स्नायू याच एटीपीवर चालतात.

आता भाताकडे येऊ. त्यातल्या स्टार्चचे ग्लुकोज होते, ग्लुकोजचे पायरुव्हेट. ते तंतुकणिकेत शिरल्यावर पुढे नेणारे विकर थायमिनशिवाय, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाशिवाय, चालत नाही. भात जास्त, तर थायमिनची गरजही जास्त. आणि तांदळातले बहुतेक थायमिन असते कोंड्यात आणि अंकुरात, जे आपण पैसे देऊन काढून टाकतो! १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन यांनी पाहिले, की पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात. माणसातल्या बेरीबेरीचा उलगडा तिथून सुरू झाला.

पोषणवर्धित तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ असते. लोह तंतुकणिकेतल्या यंत्रणेलाही लागते, तेव्हा ते ठीकच. पण ब-१ सक्तीच्या यादीत नाही, आणि हे मला खटकते. आधी धान्यातून काढायचे आणि मग निवडक तेवढेच परत घालायचे, हा उलटा कारभार झाला.

प्रत्येक थकव्याचे मूळ तांदळात नसते. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉईडची तपासणी टाळू नये. डाळी आणि शेंगदाण्यांतूनही ब-१ मिळते. पण ज्या ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचे नुसते पाणी असते, तिथे काळजी हवी.

घरचे धान असेल तर गिरणीवाल्याला पॉलिश कमी ठेवायला सांगा. असा तांदूळ कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतो, म्हणून महिन्यापुरताच काढा. धुताना फार चोळू नका. आणि भात वेळून काढत असाल, तर ती पेज फेकू नका. थायमिन पाण्यात विरघळते.