खमिराची वडीही जपायला हवी

घरगुती बिअरच्या स्वस्त संचातील माल्ट-अर्कात स्टार्चची साखर आधीच झालेली असते. पाकिटातले यीस्ट केवळ ती आंबवते. आसाममधील दिमासा समाजाच्या ‘जुदिमा’ या तांदळाच्या मद्यात ही दोन्ही कामे ‘हुमाओ’ ही खमिराची वडी करते. तांदूळ आणि थेंब्रा वनस्पतीची साल यांपासून ती बनते. तिच्यातील बुरशी स्टार्चची साखर करते, यीस्ट साखरेचे अल्कोहोल.

जुदिमाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र मानांकनाने नाव जपले जाते, सूक्ष्मजीव नव्हेत. एकसारख्या चवीसाठी बाजारातील यीस्ट आणि विकरे आली, तर वडीतली जैवविविधता लोपेल. सुधारणा स्वच्छतेत आणि तापमान-नियंत्रणात व्हावी. वड्यांचे नमुने चंदीगड वा पुण्याच्या सूक्ष्मजीव-संग्रहांत जतन व्हावेत; त्यांवरील पहिला हक्क मात्र दिमासांचाच राहावा.